आकडा पोचला म्हणजे डेटा शेअर झाला असं नसतं

नांदेडला इंजिनिअरिंगच्या शेवटच्या वर्षाला असलेल्या एका पोरानं मला विचारलंय, प्रश्न थोडक्यात असा: "सर, अमेरिकेची स्पेस कमांड घ्या, आपली डिफेन्स स्पेस एजन्सी घ्या, हवाई दल, इस्रो, सगळ्यांकडं रडार आहेत, सॅटेलाइट आहेत, मग या सिस्टीम एकमेकांना रिअल-टाइम डेटा देताना एवढ्या अडतात कशाला? एक नीट एपीआय लिहून क्लाउडवर टाकला की काम होणार नाही का?" मी सतरा वर्षं युनिफॉर्ममध्ये कम्युनिकेशनचं काम केलंय आणि त्याच्यानंतर ग्राउंड स्टेशनच्या सिस्टीम एकमेकांना जोडायचं काम करत आलोय, त्यामुळं जे उघड सांगता येतं ते सगळं सांगतो, जे सांगता येत नाही त्याची या उत्तराला गरजही नाही.

एपीआय, म्हणजे दोन सॉफ्टवेअरनी एकमेकांशी बोलायचा ठरलेला रस्ता, लिहायला पंधरा दिवस लागतात बाबा. आम्ही एका जोडणीत पंधरा दिवसांत डेटा इकडून तिकडं वाहता केला आणि मंग पुढचं सव्वा वर्ष तो डेटा नेमकं काय सांगायलाय हे दोन्ही बाजूंना सारखंच कळावं म्हणून घालवलं. सगळी मेहनत त्या सव्वा वर्षाची असते.

तू नांदेडचा आहेस तर गोदावरीवरूनच सांगतो. सप्टेंबर २०२५ मध्ये जायकवाडीतून लाखांच्या घरात क्युसेक पाणी सोडलं तेव्हा खाली नदीकाठच्या घराघरात एकच प्रश्न होता, पैठणहून किती सोडलं? समज तेव्हा तुला मोबाइलवर एवढाच मेसेज आला असता, "विसर्ग ३०००". याच्यावर तू दावणीची गुरं सोडशील का, धान्याची पोती माळवदावर चढवशील का? ३००० काय, क्युसेक की क्युमेक? एक क्युमेक म्हणजे ३५ क्युसेकच्या वर, म्हणजे ३००० क्युसेक गोदावरीला जाणवतबी नाही आणि ३००० क्युमेक म्हणजे १ लाखाच्या वर क्युसेक, गावं उठवायची वेळ. बरं आकडा कधीचा, आत्ताचा का पहाटे सहाचा? कुठला, पैठणचा का माजलगावचा का विष्णुपुरीचा? मोजलाय का कुणी अंदाजानं टाकलाय? मेसेज एका सेकंदात आला, रेंज फुल होती, पण हातात काही पडलं नाही.

म्हणून मी टीममध्ये पहिल्या दिवसापासून एकच गोष्ट सांगत आलोय, आकडा एकटा पाठवायचा नाही, त्याची जन्मपत्रिका सोबत पाठवायची. तो कोणत्या घड्याळाप्रमाणं कोणत्या क्षणाचा, कुठल्या मापात, कुठं उभं राहून मोजलेला, त्यात चूक किती असू शकते, मूळ कुणी मोजला आणि कुणाला दाखवायची परवानगी आहे. एवढं सोबत असलं तर डेटा मोडकातोडका सीरियल लाइनवरून आला तरी कामाचा, आणि एवढं नसलं तर फायबर टाकून काही उपयोग नाही.

आता वेळेपासून सुरुवात करतो कारण सगळ्यात जास्त रक्त मी तिथंच आटवलंय. खालच्या कक्षेतलं सॅटेलाइट सेकंदाला साधारण साडेसात किलोमीटर पळतं. म्हणजे घड्याळ एक मिलिसेकंद चुकलं तर साडेसात मीटरची चूक, एक सेकंद चुकलं तर साडेसात किलोमीटरची. आणि जगात घड्याळ एक नाही. यूटीसी म्हणजे जगानं मान्य केलेली प्रमाणवेळ, तिच्यात पृथ्वीच्या फिरण्याशी मेळ राहावा म्हणून अधूनमधून एक जादा सेकंद, म्हणजे लीप सेकंद घालतात, शेवटचा ३१ डिसेंबर २०१६ ला घातला. जीपीएसची वेळ १९८० मध्ये यूटीसीला जुळवून सुरू केली आणि त्यात लीप सेकंद घालतच नाहीत, त्यामुळं आज ती यूटीसीच्या १८ सेकंद पुढं आहे. अणुघड्याळांची टीएआय वेळ ३७ सेकंद पुढं. त्यात आपली भारतीय प्रमाणवेळ साडेपाच तासांनी पुढं, ती कुणीतरी लॉगमध्ये टाकतंच टाकतं.

बरीच वर्षं झाली, एका ठिकाणी रडार एका संस्थेचं आणि अंतराळातल्या वस्तूंचा कॅटलॉग (कुठली वस्तू कुठल्या कक्षेत याची यादी) दुसऱ्या संस्थेचा, दोन्हीचा मेळ काही लागेना. रडार म्हणायचं वस्तू इथं आहे, कॅटलॉग म्हणायचा ती तिथून १३५ किलोमीटर पुढं पाहिजे. आम्ही चार दिवस अँटेनाचं कॅलिब्रेशन तपासलं, केबल बदलल्या, दोन्हीकडची माणसं एकमेकांच्या मशीनला दोष द्यायला लागली होती. आमच्यातले एक जुने वॉरंट ऑफिसर होते, त्यांनी वहीत प्रत्येक वेळचा फरक लिहून ठेवला होता आणि ते शांतपणे म्हणाले, साहेब फरक दर वेळी वस्तूच्या चालीच्या दिशेनंच येतोय, आडवा एकदाबी आला नाही. १३५ ला साडेसातनं भाग. बरोबर १८. एक बाजू जीपीएसची वेळ पाठवत होती आणि दुसरी तीच यूटीसी समजून वाचत होती, आणि मेसेजमध्ये त्या रकान्याचं नाव नुसतं "वेळ" असं होतं. तेव्हापासून मी हे पाठ करून घेतलंय आणि तूबी करून ठेव: फरक चालीच्या दिशेनं पडत असला तर आधी घड्याळ बघायचं, आडवातिडवा पडत असला तर अक्ष बघायचे.

अक्षांचं थोडक्यात. सॅटेलाइटची जागा सांगताना एक्स-वाय-झेड कुठल्या दिशेला धरलेत हे सांगावं लागतं. काहीजण सन २००० च्या आकाशाला धरून अक्ष घेतात, काहीजण आजच्या तारखेच्या, काही पृथ्वीसोबत फिरणारे. पृथ्वीचा आस भोवऱ्यासारखा हळूहळू डोलतो, त्यामुळं २००० चे अक्ष आणि आजचे अक्ष यांत पंचवीस वर्षांत साधारण एक तृतीयांश अंशाचा फरक पडलाय, आणि खालच्या कक्षेत एवढ्यानं ४० किलोमीटरपर्यंत जागा चुकते. दोन्ही आकडे दिसायला एकदम सभ्य असतात, सॉफ्टवेअर काही ओरडत नाही, म्हणून ही चूक लई दिवस लपून राहते.

वेळेच्या चुकीनं काय होतं याचं उदाहरण प्रत्येक इंजिनिअरनं मनात कोरून ठेवावं असं आहे. २५ फेब्रुवारी १९९१, आखाती युद्ध, सौदी अरेबियात धाहरानला येणारं मिसाइल हवेतच पाडणाऱ्या अमेरिकेच्या पेट्रियट मिसाइलची बॅटरी, म्हणजे तुकडी, तैनात होती. तिचं कॉम्प्युटर वेळ एक दशांश सेकंदाच्या मापात मोजायचं आणि ०.१ ही संख्या बायनरीत पूर्ण बसत नाही, २४ बिटांत कापून टाकली की प्रत्येक टिकमागं अगदी बारीक चूक राहते. मशीन सलग १०० तास चालू होतं, ती चूक साठत साठत एक तृतीयांश सेकंदाच्या वर गेली, आणि इराकचं स्कड मिसाइल आलं तेव्हा पेट्रियटनं आकाशात जिथं बघायचं ती जागाच जवळपास ७०० मीटरनं सरकली. तिथं काही दिसलं नाही म्हणून त्यानं मारा केलाच नाही. स्कड बराकीवर पडलं, २८ सैनिक गेले.

पण तुझ्या प्रश्नाचं खरं उत्तर याच्या पुढं आहे. ही चूक आधी माहीत होती. इस्रायलनं ११ फेब्रुवारीलाच अमेरिकनांना आकडे दिले होते की सलग आठ तास चालवलं तरी अचूकता ढासळायलीय. सुधारित सॉफ्टवेअर तयार व्हायला लागलं. २१ फेब्रुवारीला सगळ्या बॅटऱ्यांना मेसेज गेला की फार जास्त वेळ सलग चालवलं तर सरकण्याची अडचण येऊ शकते. फार जास्त म्हणजे किती, आठ तास, वीस तास, शंभर तास, ते त्या मेसेजात नव्हतं. तिथल्या माणसांनी आपण काही एवढं जास्त चालवत नाही असंच धरलं. सुधारित सॉफ्टवेअर धाहरानला पोचलं २६ तारखेला, म्हणजे दुसऱ्या दिवशी. माहिती वाटली होती, वेळेत पोचली होती, फक्त तिच्यातला एक आकडा वाटेत गळाला होता. हे वाचताना मला आजबी अंगावर काटा येतो, कारण "फार जास्त", "साधारण", "लवकरच" असले शब्द मी आपल्या ऑफिसांच्या पत्रांत रोज बघतो.

आता चूक किती असू शकते हा जन्मपत्रिकेतला रकाना. वस्तूंची कक्षा सांगायला दोन ओळींचा एक जुना फॉरमॅट आहे, टीएलई म्हणतात, एकेक ओळ ६९ अक्षरांची, पंचकार्डच्या जमान्यातला आणि आजबी सगळीकडं चालतो. त्याच्यात कक्षा आहे पण ती कितपत बरोबर आहे हे सांगायला जागाच नाही. १० फेब्रुवारी २००९ ला सायबेरियावर सुमारे ७९० किलोमीटर उंचीवर इरिडियम कंपनीचं इरिडियम ३३ हे चालू सॅटेलाइट आणि कॉसमॉस २२५१ हे रशियाचं मेलेलं सॅटेलाइट एकमेकांवर आदळले, सेकंदाला ११ किलोमीटरच्या वर वेगानं. त्याच्याआधी टीएलईवरून जो अंदाज होता तो सांगत होता की दोन्ही एकमेकांपासून ५८४ मीटरवरून जातील. आता नुसतं ५८४ मीटर वाचलं तर वाटतं अर्धा किलोमीटर आहे की, जाऊ दे. आणि असे जवळून जाण्याचे इशारे त्या कंपनीला रोज ढिगानं येत होते, त्या दिवशीच्या यादीत हा काही सगळ्यात वरचा नव्हता. पण टीएलईवरून काढलेल्या जागेतच किलोमीटरभर चूक असू शकते हे त्या आकड्यासोबत लिहिलेलं असतं तर ५८४ चा अर्थ एकदम बदलला असता. त्याच्यानंतर जगाचं धोरण बदललं, अमेरिकेनं इतरांच्या सॅटेलाइटसाठीबी टकरीची तपासणी सुरू केली, आणि २०१३ मध्ये सीडीएम नावाचा टकरीच्या इशाऱ्याचा मेसेज प्रमाण म्हणून आला, ज्याच्यात दोन्ही वस्तूंची जागा, कुठले अक्ष, कुठली वेळ आणि त्रुटीचं पूर्ण गणित सोबतच येतं. तू प्रोजेक्ट करायचं म्हणत असशील तर आधी सीडीएमचे रकाने एकेक वाचून काढ, प्रत्येक रकान्यामागं कुणाची तरी चूक दडलेली आहे असं समजून वाच.

मूळ कुणी मोजलं, हा रकाना लोक सगळ्यात हलका धरतात आणि माझ्या मते सगळ्यात घातकी तोच आहे. गावात तिघांनी वेगवेगळं येऊन सांगितलं की मळ्यात बिबट्या दिसला, तर आपण म्हणतो तिघं सांगायलेत म्हणजे खरंच असणार. पण तिघांनीबी एकाच गड्याकडून ऐकलेलं असलं तर साक्षीदार एकच. सिस्टीमचं अगदी असंच होतं. रडार 'अ' चं निरीक्षण थेट माझ्याकडं येतं, तेच निरीक्षण दुसऱ्या केंद्राकडं जातं, ते केंद्र स्वतःच्या हिशोबात मिसळून स्वतःच्या नावानं मला पाठवतं. सगळीकडचा डेटा एकत्र करणारं माझं फ्यूजन सॉफ्टवेअर समजतं दोन स्वतंत्र साक्षीदार मिळाले आणि त्रुटीचं वर्तुळ लहान करून टाकतं. प्रत्यक्षात नवीन माहिती शून्य, खात्री मात्र वाढली. जितकं शेअरिंग जास्त, जितक्या वाटा जास्त, तितका हा रोग जास्त, म्हणून "सगळ्यांना सगळ्यांशी जोडून टाका" असं कुणी म्हणालं की मी घाबरतो. उपाय दोन, प्रत्येक मूळ निरीक्षणाला जन्मतःच एक क्रमांक द्यायचा जो कितीबी हातांतून गेला तरी पुसला जाणार नाही, आणि जिथं मूळ कळतच नाही तिथं कोव्हेरियन्स इंटरसेक्शनसारखं गणित वापरायचं जे दोन साक्षी स्वतंत्र आहेत असं गृहीतच धरत नाही. त्यानं वर्तुळ थोडं मोठं राहतं, राहू दे.

याच रकान्यात आणखी एक गोष्ट बसते, खरं की सरावाचं. ९ नोव्हेंबर १९७९ ला अमेरिका आणि कॅनडाच्या नोराड या हवाई संरक्षणाच्या संयुक्त कमांडमध्ये सरावासाठीचा हल्ल्याचा डेटा चालू सिस्टीममध्ये शिरला आणि कमांड सेंटरच्या पडद्यांवर सोव्हिएत मिसाइलांचा मोठा हल्ला दिसायला लागला. पुढच्याच वर्षी, ३ जून १९८० ला पुन्हा तसंच, त्या वेळी कारण होतं ४६ सेंटची एक चिप. लाइन चालू आहे का हे बघायला ते सतत टेस्ट मेसेज पाठवायचे आणि तो मेसेज अगदी खऱ्या इशाऱ्याच्याच साच्यात असायचा, फक्त मिसाइलच्या संख्येच्या जागी शून्य. चिप बिघडली, शून्यांच्या जागी मधूनच २ यायला लागले, पलीकडं वाचलं गेलं की मिसाइल आलेत. माणसांनी रडार आणि सॅटेलाइटचा मूळ डेटा विचारला, तिथं काही नव्हतं, म्हणून निभावलं. टेस्टचा साचा आणि खऱ्याचा साचा एक कधीच ठेवायचा नाही. सरावाचा मेसेज चुकून खऱ्या लाइनवर गेला तर पलीकडच्या सिस्टीमनं तो उचलायलाच नको, माणसानं पाहून ओळखावा ही अपेक्षा चुकीची.

आता "रिअल-टाइम" हा शब्द. टेंडरमध्ये हा शब्द दिसला की मी पहिला प्रश्न विचारतो, कुठल्या निर्णयासाठी? एका खंडातून दुसऱ्या खंडात जाणारं मिसाइल साधारण अर्ध्या तासात पोचतं, तिथं इशाऱ्यातला एकेक सेकंद मोजायचा. दोन सॅटेलाइटची टक्कर टाळायची असली तर निर्णयाला दोन-तीन दिवस ते काही तास असतात. कॅटलॉग ताजा ठेवायचं काम दिवसाच्या हिशोबानं चालतं. तिन्हींना एकच पाइप आणि एकच वेग दिला तर महागड्या लाइनवरून बिनघाईचा डेटा वाहतो आणि घाईचा त्याच्या मागं रांगेत थांबतो. शिवाय निसर्गाचं बंधन आहेच, खालच्या कक्षेतलं सॅटेलाइट दीड तासात पृथ्वीला चक्कर मारतं आणि एका ग्राउंड स्टेशनवरून एका वेळी जेमतेम दहा-बारा मिनिटं दिसतं, तेबी प्रत्येक चकरेत नाही. ते डोक्यावर नसताना, मधे दुसरं रिले सॅटेलाइट नसलं तर, तुझा एपीआय कितीबी वेगवान असला तरी डेटा वरच अडकलेला. म्हणूनच जगभर स्टेशनं पसरून ठेवावी लागतात, अंटार्क्टिकात भारती तळावर आपलं एक स्टेशन आहे ते त्यासाठीच, ध्रुवावरून जाणारी सॅटेलाइट तिथून जास्त वेळा दिसतात.

यातून डिझाइनचा एक नियम निघतो आणि तो मी कधी सोडत नाही. प्रत्येक मेसेजमध्ये दोन वेळा हव्यात, घटना घडली ती आणि मेसेज आला ती. उशिरा आलेला मेसेज नव्यावर जाऊन बसता कामा नये. आणि पडद्यावर जुना डेटा जुना दिसलाच पाहिजे, ठरलेल्या वयाच्या पुढं गेलेला ट्रॅक फिका पडला पाहिजे, त्याच्याशेजारी "इतक्या मिनिटांपूर्वीचा" असं आलं पाहिजे. लिंक तुटल्यावर शेवटचं चित्र तसंच ठळक गोठून राहणारा पडदा मी पाहिलाय आणि समोर बसलेला तरुण ऑफिसर ते चित्र चालू आहे समजून पंचवीस मिनिटं बघत होता. त्याची काही चूक नव्हती, पडद्यानं त्याला खोटं सांगितलं.

परवानगीचा भाग. लोकांना वाटतं गुप्तता म्हणजे काय दिसलं ते लपवणं. बऱ्याच वेळा लपवायचं असतं ते कितपत बारीक दिसतं हे. एखाद्या सॅटेलाइटची जागा मी तुला पूर्ण अचूकतेनं दिली तर माझं रडार किती चांगलं आहे हे मी तुला फुकट सांगून बसलो. म्हणून मित्रदेशालाबी एकच आकडा दोन रूपांत जातो, पूर्ण आणि भरड. आता हे कुणी ठरवायचं? प्रत्येक मेसेज एका अधिकाऱ्याच्या टेबलावर मंजुरीला जाणार असला तर तुझ्या रिअल-टाइमचा वेग त्या अधिकाऱ्याच्या जेवणाच्या सुट्टीवर ठरतो. इथं मला आपल्या धर्माबादजवळच्या बाभळी बंधाऱ्याची आठवण येते. महाराष्ट्र आणि तेव्हाच्या आंध्रमध्ये त्याच्यावरून किती वर्षं भांडण चाललं, शेवटी सुप्रीम कोर्टानं २८ फेब्रुवारी २०१३ ला निकाल दिला आणि तारखाच लिहून टाकल्या, १ जुलै ते २८ ऑक्टोबर दरवाजे उघडे राहणार, १ मार्चला ०.६ टीएमसी पाणी खाली सोडायचं, आणि हे सगळं बघायला केंद्रीय जल आयोगाचा माणूस धरून तिघांची समिती. निर्णय कुणाला आवडो न आवडो, पण दर जुलैला मुंबई-हैदराबाद फोनाफोनी करून नव्यानं ठरवावं लागत नाही. लष्करी डेटाचंबी तसंच करावं लागतं, शांततेच्या काळात बसून लिहून घ्यायचं की कुठल्या प्रकारचा डेटा, कुठल्या परिस्थितीत, कुणाला, किती बारीक, आणि तो शिक्का डेटा जन्मतो त्याच क्षणी त्याच्यावर मारायचा. मंग दोन जाळ्यांच्या सीमेवरचं गार्ड सॉफ्टवेअर तो शिक्का वाचून मिलिसेकंदात सोडतं किंवा अडवतं. कमी गुप्त जाळ्यातून जास्त गुप्त जाळ्यात जायला डेटा डायोड लावतात, तो फक्त एकाच दिशेला वाहू देतो, उलटं काही येऊच शकत नाही.

आपल्याकडचं चित्र उघड माहितीवरून एवढं सांगता येतं की डिफेन्स स्पेस एजन्सी २०१९ मध्ये बंगळुरूला उभी राहिली आणि दिल्लीचं इमेज विश्लेषण केंद्र आणि भोपाळचं सॅटेलाइट कंट्रोल केंद्र त्याच्यात आले. अंतराळातल्या वस्तूंवर नजर ठेवायचं काम इस्रोकडं, त्यासाठीच्या नेत्र प्रकल्पाचं केंद्रबी बंगळुरूलाच. हवाई दलाची आयएसीसीएस आणि लष्कराची आकाशतीर या हवाई संरक्षणाच्या सिस्टीम मे २०२५ च्या संघर्षात एकमेकांशी जोडून चालल्या, हे सरकारनं स्वतः सांगितलंय. अमेरिकेशी एप्रिल २०२२ मध्ये अंतराळातल्या वस्तूंच्या माहितीबद्दल करार झालाय. म्हणजे दारं उघडायलीत. पण करारावर सही होणं वेगळं आणि दोन्हीकडच्या रकान्यांचा अर्थ एक होणं वेगळं, त्या मधल्या कामाला फोटो निघत नाहीत म्हणून तिथं चांगली पोरं टिकत नाहीत, आणि मला याचं खरंच वाईट वाटतं.

शेवटचं टोक माणसाचं असतं. २ सप्टेंबर २०१९ ला युरोपच्या एओलस सॅटेलाइटला स्पेसएक्स कंपनीच्या स्टारलिंकच्या एका सॅटेलाइटला टाळून सरकावं लागलं. आधी दोन्ही बाजूंचं ईमेलवर बोलणं झालं होतं, तेव्हा धोका कमी होता. मंग नवीन हिशोबात धोका दहा हजारात एकच्या वर गेला, आणि स्पेसएक्सच्या ड्यूटीवरच्या माणसाला तो पुढचा पत्रव्यवहार दिसलाच नाही, त्यांनी नंतर सांगितलं की त्यांच्या ड्यूटीवरच्या माणसाला सावध करणाऱ्या पेजिंग सिस्टीममध्ये बग होता. रडार बरोबर, गणित बरोबर, मेसेज वेळेत, आणि सगळं अडकलं शेवटच्या दहा फुटांवर. म्हणून जोडणी तपासताना मी "मेसेज मिळाला" अशी मशीनची पोच धरत नाही, "वाचला आणि हे करणार आहे" अशी माणसाची पोच मागतो, आणि ती ठरलेल्या मिनिटांत आली नाही तर दुसऱ्या माणसाला फोन वाजला पाहिजे. सुरक्षेबद्दल एकच सांगतो, २४ फेब्रुवारी २०२२ ला युक्रेनवर हल्ला सुरू झाला त्याच पहाटे व्हायासॅट कंपनीच्या केए-सॅट या सॅटेलाइट इंटरनेटच्या नेटवर्कवर सायबर हल्ला झाला, वर सॅटेलाइटला कुणी हात लावला नाही, खाली जमिनीवरचे मोडेम मारले, आणि त्याच्यात जर्मनीतल्या हजारो पवनचक्क्यांचं रिमोट मॉनिटरिंगबी बंद पडलं. जोडलेलं प्रत्येक टोक हे दार असतं.

आता तुझ्या क्लाउडबद्दल. क्लाउड वाईट नाही, अमेरिकनांनीच युनिफाइड डेटा लायब्ररी नावानं सगळ्यांचा डेटा एका जागी ठेवायची सोय केलीय आणि ती दिशा मला पटते. पण त्यांचाच दुसरा अनुभव बघ, वस्तूंचा कॅटलॉग सांभाळणारी १९८० च्या दशकातली स्पॅडॉक सिस्टीम बदलायला त्यांनी जेएमएस नावाचा मोठा प्रकल्प घेतला, एकाच वेळी सगळंच नवीन करायचं ठरवलं, आणि २०१८ च्या चाचणीत त्याचे बरेचसे भाग रोजच्या कामाला वापरण्याजोगे निघाले नाहीत, जुनं स्पॅडॉकच पुढं चालवत राहावं लागलं. म्हणून मी एकच धागा धरून सुरुवात करतो. दोन संस्था, एक प्रकारचा मेसेज, समज टकरीचा इशारा. त्याच्या प्रत्येक रकान्याचा अर्थ दोन्हीकडच्या माणसांनी एका टेबलावर बसून, एक जुनी खरी घटना हातानं सोडवून पक्का करायचा. मंग मागच्या सहा महिन्यांचा साठवलेला डेटा त्या पाइपमधून पुन्हा वाहवून बघायचा, मुद्दाम उशिरा, मुद्दाम दोनदा, मुद्दाम अर्धवट. तो टिकला की दुसरा मेसेज, मंग तिसरी संस्था.

तुला याच्यातलं काही स्वतःच्या डोळ्यानं बघायचं असलं तर घरबसल्या होतं. आंतरराष्ट्रीय अंतराळ स्थानकाचा टीएलई उघड मिळतो, त्याच्यावरून जागा काढणाऱ्या एसजीपी-४ या गणिताचं तयार कोड मिळतं, पायथनमध्ये संध्याकाळी नांदेडवरून जाणारी एखादी फेरी काढ, शक्यतो डोक्यावरून जाणारी, त्या दिवशीचाच टीएलई घे. एकदा यूटीसीनं काढ आणि एकदा मुद्दाम १८ सेकंद चुकवून. गच्चीवर जा, मोबाइलचं घड्याळ नेटवर्कशी जुळवून घे, आणि स्थानक एखाद्या ओळखीच्या ताऱ्याजवळून जातं तो क्षण लिहून ठेव. चुकीच्या हिशोबातलं स्थानक खऱ्यापासून हात लांब करून धरलेल्या जवळपास दोन मुठींएवढं दूर असेल. दोन्ही आकडे आणि तुझी नोंद मला पाठव, मंग पुढचं बोलू.